साडेबारा तासांचं विमान

विमान किती वाजता उतरणार, हे विमान कंपनीला काय विचारायचं? ते भूगोलाच्या मास्तरांना विचारावं! निदान आमच्या मास्तरांचं मत तरी असंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. मुलं पाठीमागे त्यांना 'गोलमास्तर' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्तीला पाच वर्षं झाली, तरी रस्ता विचारणाऱ्याला ते 'डावीकडे वळा' म्हणून सांगत नाहीत, 'नैर्ऋत्येला जा' म्हणतात. त्यांच्या गल्लीतले पाहुणे नेहमी उशिरा पोचतात, त्याचं कारण हेच!

तर या मास्तरांची एकुलती एक लेक सात वर्षांनी घरी येणार होती. तिचं तिकीट महिनाभर कपाटाच्या दाराला चिकटवलेलं होतं. इथल्या घड्याळाप्रमाणे रात्री एकला सुटणार, दुपारी चारला पोचणार, प्रवास पंधरा तासांचा. सगळं छापील आणि स्वच्छ! पण छापील गोष्टीवर विश्वास ठेवतील तर ते मास्तर कसले? पाठ्यपुस्तकातल्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

"पंधरा तास? साफ खोटं!" ज्या दिवशी विमान यायचं त्या दिवशी सकाळी मास्तर चहाचा कप खाली ठेवत गरजले.

समोर त्यांचे मेहुणे बसले होते. मेहुणे म्हणजे मास्तरांच्या कैलासवासी बायकोचे धाकटे भाऊ. घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान, जुनी पण इमानदार गाडी आणि कुणाशी न भांडण्याचा स्वभाव, एवढी त्यांची मिळकत. लेकीला आणायला त्यांचीच गाडी जायची होती.

"भाऊजी, तिकिटावर लिहिलंय ना..."

"तिकिटावर काहीही लिहितील! मी स्वतः मोजलंय. सात वेळा!"

असं म्हणून मास्तर उठले आणि त्यांनी कपाटावरून पृथ्वीगोल खाली काढला.

हा गोल साधासुधा नव्हता. मास्तरांना नोकरी लागली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गुरुजींनी तो दिला होता. चांगला थोरला, जाड पुठ्ठ्याचा, लाकडी पायावरचा. एक सेंटीमीटर म्हणजे चारशे किलोमीटर, असं त्याच्या पोटावर छापलेलं होतं. लेक लहान असताना रोज संध्याकाळी दोघांचा एक खेळ चालायचा. तिनं डोळे मिटायचे, मास्तरांनी गोल फिरवायचा आणि तिनं बोट टेकवायचं. जिथं बोट पडेल तिथं मोठेपणी जायचं! दहापैकी सात वेळा बोट समुद्रात पडायचं. "समुद्रात काय करणार तू?" मास्तर विचारायचे. "पोहत पोहत घरी येणार!" ती म्हणायची. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडायची, "आधी जेवायला या, मग पोहा!" त्या संध्याकाळी आठवल्या की मास्तर अजून तोंड फिरवतात. मग ते खोकल्याचं निमित्त करतात.

गोलाच्या पोटाभोवती लाल रिबीन होती. लेकीच्या शाळेच्या वेणीची. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तर एकदा शाळेतून घरी आले, तर गोलाला कमरपट्टा बांधलेला!

"हे काय?" त्यांनी बायकोला विचारलं होतं.

"विषुववृत्त! तुमची ती बारीक रेघ कुणाला दिसते का? माझं बघा, चुलीपाशी उभं राहून दिसतं!"

"आणि वर-खाली ही कोटाची बटणं कशाला?"

"गोल म्हातारा झालाय. डुगडुगतो. बटणांनी नीट बसलाय बघा."

मास्तर इतके खूश झाले होते की पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला ते अभिमानानं सांगायचे, "मुलांनो, जगात सगळ्यांचं विषुववृत्त काल्पनिक आहे. फक्त आमच्या घरचं खरं आहे!"

तर या गोलावर मास्तरांनी दोरा धरला. एक टोक आपल्या गावावर, दुसरं खाली लेकीच्या गावावर. मध्ये रिबीन ओलांडून दोरा ताणला आणि पट्टीवर ठेवला.

"पंचवीस सेंटीमीटर! गुणिले चारशे म्हणजे दहा हजार किलोमीटर. विमानाचा वेग तासाला आठशे. किती तास?"

"साडेबारा," मेहुणे म्हणाले. पण ते गोलाकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मास्तरांनी गोल काढला की मेहुण्यांना नेहमीच खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं.

"शाब्बास! मग हे पंधरा कुठून आले? अहो, या कंपन्या अडीच तास हातचे राखून ठेवतात. उशीर झाला तरी वेळेवर आलो म्हणायला मोकळे! विमान दीड वाजता उतरणार. आपण साडेबाराला तिथं हजर!"

"पण भाऊजी, तो दोरा..." मेहुणे काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. "काही नाही. जाऊ या."

आता तुम्ही म्हणाल, अडीच तास आधी जाऊन बसलं तर बिघडलं काय? पण मास्तरांच्या घाईला कारण होतं. सात वर्षांपूर्वी लेक निघाली त्या दिवशी मास्तर परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होते. त्यांना सोडवायला येणारे सर वेळेवर आलेच नाहीत. मास्तर धापा टाकत विमानतळावर पोचले तेव्हा ती काचेच्या आत गेली होती. त्यांना तिची पाठ तेवढी दिसली. निळा सदरा, खांद्यावर पिशवी आणि पाठ! हाका मारल्या, काच बडवली, पण काचेला कान नसतात. त्या रात्री फोनवर त्यांनी तिला शब्द दिला होता, "तू परत येशील ना, तेव्हा काचेबाहेर पहिला चेहरा माझा दिसेल. पैजेवर सांगतो!" दर वर्षी तिच्या येण्याला काहीतरी आडवं येत गेलं. शब्द तसाच राहिला. आता त्यात एका मिनिटाची कसूर मास्तरांना चालणार नव्हती.

साडेबाराच्या ठोक्याला दोघं विमानतळावर उभे होते. मास्तरांनी गोलही बरोबर घेतला होता. लेकीनं दुरून ओळखावं म्हणून!

दीड वाजला. काचेचं दार उघडलं. भलत्याच गावची माणसं बाहेर आली. पावणेदोन झाले. दोन झाले. मास्तर चौकशीच्या खिडकीपाशी गेले.

"बाई, विमानाला उशीर का होतोय?"

खिडकीतल्या बाईंनी नंबर बघितला. "उशीर नाही काका. चार वाजता येतंय. अगदी वेळेवर."

"वेळेवर कसं? अर्धा तास होऊन गेला!"

"काका, चार वाजायला अजून दोन तास आहेत."

"ते तुमच्या कागदावर! पृथ्वीवर अर्धा तास होऊन गेलाय!"

बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या काखेतल्या पृथ्वीकडे पाहिलं आणि मंद हसून पुढच्या माणसाला बोलावलं.

मास्तर बाकावर येऊन बसले. शेजारी एक आजीबाई विणत बसल्या होत्या. नातू त्याच विमानानं यायचा होता. मास्तरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दोऱ्यासकट! शिकवण्याची सवय ती, समोर कुणी बसलं की सुटते.

"म्हणजे विमान इतक्यात यायला हवं होतं?" आजींनी सुया थांबवल्या.

"गणितानुसार, हो."

"मग ते आहे कुठं?"

हा प्रश्न मास्तरांनी स्वतःला विचारलाच नव्हता! आजींनी सुया पिशवीत टाकल्या आणि मुलाला फोन लावला. आजींना ऐकू कमी येत असावं, कारण त्या फोनवर अशा बोलल्या की निम्म्या विमानतळाला कळलं.

पुढं काय झालं ते सांगायला नको. गर्दीत बातमी सोडणं म्हणजे गव्हाच्या पोत्याला भोक पाडणं! बाकावरून ती चहाच्या टपरीवर गेली, टपरीवरून टॅक्सीवाल्यांकडे गेली आणि तिथं जरा हातपाय पसरून परत आली. मास्तर पाणी प्यायला गेले होते, तिथं एका धिप्पाड टॅक्सीवाल्यानं त्यांना बाजूला घेतलं.

"काका, तुमचं कुणी त्या दक्षिणेकडच्या विमानात आहे का?"

"माझी मुलगी! का?"

"मन घट्ट करा. विमान वाट चुकलंय म्हणे. तासभर झाला, पत्ता नाही."

मास्तरांच्या हातातला पेला खाली पडला. "कोण म्हणतं?"

"कुणीतरी मोठे शास्त्रज्ञ आलेत बाहेरून. त्यांनी यंत्रावर मोजून सांगितलंय. तिकडं बाकावरच बसलेत म्हणे!"

मास्तर धावत सुटले. सगळी बाकं पालथी घातली, पण शास्त्रज्ञ काही सापडेना! सापडणार कसा? तोच तर शोधत होता! सात वर्षं रोज फोनवर ऐकलेला तो आवाज, "बाबा, जेवलात का?" तो एकदम कानात आला. बायको गेली तेव्हाही आपण इतके घाबरलो नव्हतो, असं त्यांना वाटलं. तेव्हा निदान लेकीनं हात धरलेला होता.

"मेहुणे!" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "विमान चुकलंय हो! कुणी शास्त्रज्ञ सांगतोय!"

"भाऊजी," मेहुण्यांनी त्यांना धरून बसवलं, "तो शास्त्रज्ञ म्हणजे तुम्हीच!"

"मी? पण त्यानं यंत्रावर मोजलंय!"

"यंत्र म्हणजे दोरा! आणि भाऊजी, तो दोरा..." मेहुण्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. "तो दोरा काही खरा नाही."

"दोरा खोटा? दोरा कधी खोटं बोलतो का? गुरुजींचा गोल, माझा दोरा, आणि..."

पुढं बोलायला वेळच मिळाला नाही. तोवर तीसेक माणसं चौकशीच्या खिडकीवर चालून गेली होती. "आमची माणसं कुठं आहेत ते सांगा!" असा गलका उठला होता. आजी सर्वांत पुढं होत्या. खिडकीतल्या बाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी बोट दाखवलं, ते थेट मास्तरांकडे. दोन रक्षक आले आणि मास्तर, मेहुणे आणि पृथ्वी अशा तिघांना ते अधिकाऱ्यांच्या खोलीत घेऊन गेले.

खोली आगमनाच्या काचेच्या दाराला लागूनच होती. अधिकारी शांत माणूस होता. दिवसभर हरवलेल्या पेट्यांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून तशी माणसं शांत होतात किंवा वेडी होतात. त्यानं संगणकाचा पडदा मास्तरांकडे वळवला.

"हे बघा काका, हे तुमचं विमान. छान येतंय. एकूण अंतर बारा हजार किलोमीटर. अकरा हजार पार झालंय. कुणी हरवलेलं नाही."

लेक सुखरूप आहे म्हटल्यावर मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले. चष्मा पुसला. आणि मग त्यांच्या कानात उशिरानं तो आकडा शिरला.

"किती म्हणालात? बारा हजार?"

"हो."

"दहा हजार!"

"काका, बारा."

"दहा! मेहुणे, गोल धरा!"

भीती गेली की माणसाचा अहंकार दुप्पट होऊन परत येतो. मेहुण्यांनी गोलाचा पाय धरला आणि नजर छताला लावली. मास्तरांनी दोरा ताणला. अधिकाऱ्यानं कंटाळून पट्टी लावली आणि तो चमकला. पंचवीस! त्यानं स्वतः मोजलं. पंचवीस! दारातल्या रक्षकाला बोलावलं, त्यानं मोजलं. पंचवीस! शेजारच्या खोलीतले दोन कारकून आले. एक म्हणाला, "दोरा सैल धरताय तुम्ही." दुसरा म्हणाला, "विमान वळसा घालून येत असेल." अधिकाऱ्यानं पडद्याकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. बारा वर्षांच्या नोकरीत विमानाचं अंतर चुकल्याची तक्रार पहिल्यांदाच आली होती, आणि वाईट म्हणजे तक्रारदाराकडे पुरावा होता!

मास्तरांना तर काय, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वर्ग भरला होता. समोर पाच विद्यार्थी, त्यातला एक टोपी काढून बसलेला! त्यांचा आवाज चढला. त्यांनी दाराकडे पाठ केली, गोलावर नाक टेकेपर्यंत वाकले आणि रेखावृत्तांपासून सुरुवात केली. बाहेर घोषणा झाली, ती कुणी ऐकली नाही. घड्याळात चार वाजले, सव्वाचार वाजले. घड्याळजी असून मेहुण्यांनीही पाहिलं नाही. साडेचारला काचेचं दार उघडलं, माणसं बाहेर येऊ लागली, आजींना नातू मिळाला.

"...म्हणून पृथ्वी खोटं बोलत नाही!" मास्तर गोलावर थाप मारत म्हणाले. "माणूस बोलतो! आता मला सांगा, हे दोन हजार किलोमीटर गेले कुठं?"

"आईनं कापले."

आवाज मागून आला होता. मास्तर वाकलेले होते ते तसेच राहिले. सात वर्षं हा आवाज तारेतून आला होता. आज तो खोलीतून आला होता.

ते वळले. दारात लेक उभी होती. केस कापलेले, डोळ्यांखाली जागरण, हातात पेटी. काचेबाहेर तिनं इकडे तिकडे पाहिलं होतं, कुणीच नव्हतं. मग तिला बाजूच्या खोलीतून रेखावृत्तं ऐकू आली आणि ती आवाजाच्या मागं मागं आली. ती हसत होती आणि रडतही होती, त्यातलं आधी काय सुरू झालं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बाबा, मी त्या गोलावर बसले होते," ती म्हणाली. "सात वर्षांची होते. शाळेत संगीत खुर्चीची स्पर्धा होती, मी घरी सराव करत होते. बसले आणि फट्! मधोमध दोन तुकडे. कडा सगळ्या चुरगळल्या. तुमच्या गुरुजींचा गोल! मी इतकी रडले, इतकी रडले! आई म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. तिनं शिवणाची कात्री घेतली, चुरगळलेली कड वरून एक इंच कापली, खालून एक इंच कापली आणि दोन्ही अर्धी जोडून टाकली. वर माझी रिबीन."

"आणि अंतर?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आई म्हणाली, तिथं बहुतेक समुद्रच आहे. थोडा कमी झाला तर कुणाचं अडतंय!"

दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर. पाच गुणिले चारशे. खोलीतल्या सगळ्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. मास्तरांनी हळूच मेहुण्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"बटणं माझ्याच जुन्या कोटाची आहेत," मेहुणे छताकडे बघत म्हणाले. "गोल बुटका झाला, दांडा लांब राहिला, म्हणून. मी ताईला शब्द दिला होता भाऊजी. ती गेली तरी शब्द कुठं जातो?"

मास्तरांनी रिबिनीची कड जराशी वर केली. खाली पुठ्ठा पुठ्ठ्याला शिवलेला होता. बारीक, एकसारखे, जवळजवळ घातलेले टाके. असे टाके त्यांनी एकाच माणसाच्या हातचे पाहिले होते. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरांवर पंधरा वर्षं तेच असत. सव्वीस वर्षं कपाटावर ही शिवण होती, आणि एकतीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पृथ्वीची कंबर गेलेली कळली नव्हती! त्यांना हसू आलं आणि बायकोची इतकी आठवण झाली की खोकल्याचं निमित्तही सुचलं नाही. ते अधिकाऱ्यासमोरच रडले. अधिकाऱ्यानं टोपी पुन्हा काढली.

"फेडून नीट करू या का बाबा?" लेकीनं विचारलं.

"हात लावू नकोस!" मास्तरांनी रिबीन दाबून बसवली. "राहू दे. दोन हजार किलोमीटर जवळ आणलंय तिनं तुला. तेवढंच."

बाहेर आजींच्या नातवानं मास्तरांना वाकून नमस्कार केला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की चुकलेलं विमान याच शास्त्रज्ञांनी दोऱ्यानं ओढून जमिनीवर आणलं!

गाडीत मास्तर मागं लेकीशेजारी बसले. पृथ्वी दोघांच्या मध्ये. मग त्यांनी जपून विषय काढला.

"तसं म्हटलं तर... पहिला चेहरा माझाच दिसला ना तुला?"

"चेहरा कुठला बाबा! टक्कल दिसलं."

मास्तरांचा चेहरा पडला. लेकीनं त्यांचा हात हातात घेतला.

"जाताना तुम्ही माझी पाठ पाहिलीत, येताना मी तुमची. फिटंफाट!"

मास्तर खुलले. त्यांनी रिबिनीवरून बोट फिरवलं आणि शाळेत सहामाहीचा पेपर वाटताना जसा आवाज काढत, तसा आवाज काढून म्हणाले, "बरं, आता महिन्याभरानं तुझं परतीचं विमान. खऱ्या अंतरानं पंधरा तास, आईच्या अंतरानं साडेबारा. म्हणजे तू घरातून निघायला अडीच तास उशीर केलास तरी..."

"भाऊजी," पुढून मेहुणे म्हणाले. त्यांनी जन्मात पहिल्यांदाच भाऊजींचं बोलणं मध्येच तोडलं होतं. "त्या दिवशी गाडी मी तिकीट बघून काढणार!"